अकराचे चार राहिले, क्लास बंद करू का?

पत्र थोडक्यात असं : नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या एक ताई आहेत. वय ६१, बँकेतून रिटायर. मुलगी कॅनडात, तिच्याकडे मागच्या वर्षी सहा महिने राहून आल्या. तिथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये वॉलंटियर लोक वयस्कर इमिग्रंट्सना इंग्रजी बोलायला शिकवतात ते त्यांनी बघितलं आणि वाटलं की आपण हे इथेच, माणसं जायच्या आधीच का करू नये. म्हणून जानेवारीत सोसायटीच्या हॉलमध्ये, मुलांकडे परदेशात कायमचे किंवा लांबच्या मुक्कामाला चाललेल्या ज्येष्ठांसाठी आठवड्यातून दोनदा फुकट क्लास सुरू केला. अकराजण आले, आता चार उरलेत. त्यातले एक काका, सरकारी खात्यातून रिटायर, सगळ्यांसमोर ताईंच्याच चुका काढतात. एक काकू, वय ७०, ग्रीन कार्डवर मुलाकडे चालल्यात, त्या दोन महिने झाले तोंडच उघडत नाहीत. त्यांचा मुलगा न्यू जर्सीहून ताईंनाच फोन करतो, ‘आईची सिटिझनशिपच्या इंग्रजीची तयारी कुठवर आली?’ घरी मिस्टर म्हणतात, फुकट दिलं की किंमत नसते, फी लाव नाहीतर बंद कर. ताई विचारतात, मी शिक्षिका नाही, माझंच ग्रामर कच्चं, हे माझं काम आहे का? बंद करू का?

ताई, आधी जे सात जण गेले त्यांचंच बघू, कारण तुमच्या पत्रातला सगळा सूर त्यांच्यामुळे पडलाय.

ते का गेले हे तुम्ही लिहिलेलंच नाही. मला वाटतं तुम्ही विचारलेलंही नसावं. आपल्याला कमीपणा वाटला की आपण विचारत नाही, मनातच ठरवून मोकळे होतो की माझं शिकवणं आवडलं नसेल. पण जानेवारीत सुरू झालेला क्लास फेब्रुवारी-मार्चमध्ये रोडावला याची नाशिकमध्ये दहा कारणं असू शकतात. कोणाची दिंडोरीला नाहीतर पिंपळगावला बाग असेल आणि द्राक्षाची तोडणी सुरू झाली की घरातलं म्हातारं माणूसही हॉलमध्ये बसून एबीसीडी करत नाही, शेडवर जाऊन बसतं. कोणाच्या इथल्या नातवंडाची परीक्षा. कोणाचे गुडघे, आणि तुमचा हॉल वरच्या मजल्यावर आहे की खाली हे तुम्ही सांगितलं नाहीये. आणि एखाद्याचा व्हिसा आला असेल नि तो गेला असेल, मग तो गळाला कसा म्हणायचा, त्यासाठीच तर आला होता! सातही जणांना फोन करा. परत या म्हणायला नको, नुसतं का येणं होत नाही एवढं विचारायला. त्यातून वेळ बदलायची की जागा ते तुम्हाला कळेल.

आणि हिशोबच करायचा तर बँकेतल्या बाईला मी काय सांगणार. एक तासात अकराजण म्हणजे तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं. चारजण म्हणजे पंधरा. बोलायला शिकायचं असेल तर बोलायला मिळायला हवं ना. मला विचाराल तर क्लास आत्ता कुठे बरोबर मापाचा झालाय.

आता तुमचं ते ‘मी शिक्षिका नाही’. कॉलेज रोडला स्पोकन इंग्लिशचे क्लास पायलीला पन्नास आहेत, पण ते पंचविशीच्या पोरांना इंटरव्ह्यूसाठी तयार करतात. तुमच्या काका-काकूंना इंटरव्ह्यू द्यायचा नाहीये (एक सोडून, त्यावर खाली येतेच). आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. या पिढीला ते पाचवीपासून नाहीतर आठवीपासून मिळालं आणि तेही पास होण्यापुरतं, त्यामुळे यांना टेन्स कदाचित तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील, अडतं ते समोरचा माणूस भर्रकन काहीतरी बोलतो आणि काउंटरमागे वाट बघत उभा राहतो तेव्हा. तिथे ग्रामर उपयोगाला येत नाही. तुम्ही आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलात, अंगठा उठवणाऱ्या माणसाला विड्रॉवल स्लिप कशी भरायची हे त्याला न लाजवता सांगितलंत, रांग मागे ओरडत असताना सांगितलंत. ते ज्याला जमतं त्याला हे जमतं. ग्रामरची पुस्तकं कपाटात ठेवा.

मग शिकवायचं काय? माझं मत असं की पहिलं पुस्तक पासपोर्ट. प्रत्येकाकडे आहे, प्रत्येकाला त्याबद्दल धाकधूक आहे, आणि छापलाय आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, तेवढ्यानेच दोघं-तिघं खुलतील, एखाद्याचा मेव्हणा तिथे कामाला निघेल. तर पासपोर्ट उघडायचा आणि स्वतःचं नाव स्वतः वाचायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र असतं, म्हणजे दवाखान्यात नर्स हाक मारणार ती ‘सुमन माधव’ अशी किंवा त्याच्या आसपास काहीतरी, आणि सुमनताई आपल्या जागी बसून राहणार कारण त्यांना वाटणार माधव म्हणून कोणीतरी आहे. ज्ञानेश्वरांचं तर विचारूच नका, स्पेलिंग डीपासून सुरू होतं तर तिकडे ते ‘डिन्यानेश्वार’ होतात. म्हणून आपलं नाव चुकीचं उच्चारलेलं ओळखणं हा एक धडा आणि ते अक्षर-अक्षर सांगता येणं हा दुसरा. कॅनडाला जाणाऱ्याला झेड, अमेरिकेला जाणाऱ्याला झी.

त्याच पानावर जन्मतारीख. तिकडे औषधाच्या दुकानात गेलात, क्लिनिकला फोन केलात, की पहिले दोन प्रश्न ठरलेले, नाव आणि डेट ऑफ बर्थ. आपल्या पिढीतल्या कित्येकांची तारीख शाळेत गुरुजींनी लावून दिलेली १ जून. आता कोणी सवयीने ‘वन, सिक्स’ म्हणालं तर अमेरिकेत ती ६ जानेवारी होते, कारण तिथे महिना आधी आणि तारीख नंतर, आणि मग कॉम्प्युटरवर माणूसच सापडत नाही. ‘जून फर्स्ट, नाईन्टीन फिफ्टी फाईव्ह’ एवढं न अडखळता आलं पाहिजे, झोपेतून उठवून विचारलं तरी. महिन्याचं नाव घेऊन सांगितलं की घोळच नाही, मग देश कुठलाही असो.

अशा गोष्टी एकदा मोजायला बसलात की फार निघत नाहीत. क्रोसिन मागितली तर मिळणार नाही, टायलेनॉल म्हणायचं. कुठे दुखतंय, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत. ९११ हा नंबर अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे चालतो, पण फोन लावून पत्ता सांगता यायला हवा, म्हणून मुलाच्या घराचा पत्ता पाठ, पिनकोडला तिकडे काय म्हणतात त्यासकट. दारावर कोणी आलं तर ‘माय सन इज अॅट वर्क, प्लीज कम लेटर’. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते, ‘प्लीज से इट अगेन, स्लोली’. आपल्या माणसांना हे म्हणायची फार लाज वाटते, त्यापेक्षा मान डोलावून ‘येस येस’ म्हणतात आणि कशाला येस म्हटलं ते घरी येऊन कळतं.

एक गोष्ट मात्र क्लासमध्ये सगळ्यांना ठासून सांगा, कारण मुलंही सांगत नाहीत, बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला, म्हणजे जवळपास सगळ्याच, पेशंटला दुभाषा फुकट द्यावा लागतो, फोनवर किंवा व्हिडिओवर. ‘आय स्पीक मराठी, इंटरप्रिटर प्लीज.’ एवढं बोललं की झालं. आणि इमर्जन्सी सोडली तर घरातल्या लहान नातवाला मध्ये घालून आजीच्या तपासणीचं बोलणं हॉस्पिटलने करायचं नसतं. म्हणजे डॉक्टरसमोर बसून इंग्रजीत तब्येत सांगता आलीच पाहिजे ही जी धास्ती आहे ती अर्धी तिथेच उतरते.

आता काकू आणि त्यांचा मुलगा. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. मुलगा फोन तुम्हाला करतो, तुम्ही त्याचं दडपण काकूंवर नाही घातलं तरी ते हॉलमध्ये येऊन बसतंच. पण काकूंना सिटिझनशिप हवीय का, हे कोणी विचारलंय?

नियम काय आहे ते बघा म्हणजे घाई किती खोटी आहे ते कळेल. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं तिथे काढली की सिटिझनशिपचा अर्ज. म्हणजे काकू ७५ च्या होणार. तेव्हा इंटरव्ह्यू इंग्रजीत, त्याशिवाय तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं, आणि सिव्हिक्सचे, म्हणजे तिथला इतिहास आणि राज्यकारभार यांचे प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. यादी आधीच जाहीर आहे, वाचा-लिहायचे शब्दही जाहीर आहेत, सगळं सरकारी साइटवर फुकट मिळतं. पहिल्यांदा नाही जमलं तर त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते. इंग्रजीतून सूट आहे, पण ५५ च्या वर वय आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झालेली असली तर, किंवा ५० च्या वर आणि २० वर्षं. काकूंच्या बाबतीत ती ८५ व्या वर्षी लागू होणार, म्हणजे ती धरून चालता येत नाही. आजारपणामुळे शिकणंच शक्य नसेल तर डॉक्टरच्या फॉर्मवर सूट मागता येते, नुसत्या वयावर नाही. थोडक्यात परीक्षा आहे, अवघड आहे, पण ती पाच वर्षांनंतरची आहे, आणि आत्ता नाशिकच्या हॉलमध्ये १२८ प्रश्न पाठ करून घेतले तर विमानतळावर उतरेपर्यंत निम्मे विसरलेले असतील आणि तोपर्यंत नियम काय असतील ते तेव्हा.

दुसरं म्हणजे तिथली सिटिझनशिप घेतली की इथली सोडावी लागते. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, मिळतं, येण्याजाण्याला अडचण नाही, पण मत देता येत नाही आणि नव्याने शेतजमीन विकत घेता येत नाही. काही आईवडिलांना हे चालतं, काहींना अजिबात चालत नाही. शिवाय दर हिवाळ्यात चार-सहा महिने नाशिकला येऊन राहायचं मनात असेल तर त्या पाच वर्षांचं गणितही बिघडू शकतं, कारण त्यातला निदान अर्धा काळ प्रत्यक्ष तिथे असावं लागतं आणि एका वेळी सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की प्रश्न विचारले जातात. हे सगळं मायलेकांनी आपसात बोलायचंय. तुम्ही मध्ये पडू नका, कागदपत्रांचा सल्ला तर मुळीच देऊ नका, ते वकिलाचं काम. मुलाला सरळ सांगा, ‘मी तुझ्या आईला रोजचं बोलायला शिकवते, परीक्षेची तयारी तिथे गेल्यावर बघ.’

(दुसऱ्या देशांत जाणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण हा प्रश्न इतरही मुलं विचारतात. कॅनडात भाषेची आणि माहितीची परीक्षा १८ ते ५४ वयालाच आहे. इंग्लंडमध्ये ६५ नंतर सूट, ऑस्ट्रेलियात ६० नंतर टेस्ट नाही. आणि जे व्हिजिटर व्हिसावर किंवा कॅनडाच्या सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळतो तो) चाललेत त्यांच्या बाबतीत सिटिझनशिपचा विषयच येत नाही. तेव्हा आधी देश कुठला, व्हिसा कुठला ते विचारायचं.)

बरं, काकू बोलत का नाहीत. मला तीन शक्यता दिसतात. एक तर त्या अजून ऐकतायत. नव्या भाषेत बरेच जण आधी नुसतं ऐकतात, त्यांना उभं करून बोला म्हटलं की ते आणखी मिटतात. त्यामुळे एकेकाला विचारत फिरणं बंद करा, सगळ्यांनी एकदम म्हणायचं, मग दोघादोघांनी, काकूंना हवं तेव्हा त्या त्यात शिरतील. दुसरी शक्यता, त्यांना नीट ऐकूच येत नाही. वयात आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज, स आणि फ सारखे, म्हणून आजीला मराठी व्यवस्थित ऐकू येतं, कारण सवयीने ती गाळलेलं भरून घेते, आणि इंग्रजीत सिक्स्टी की फिफ्टी ते कळत नाही. हॉलमध्ये वर पंखा घरघरत असणार, आवाज घुमत असणार. खुर्च्या जवळ घ्या, तुमचं तोंड दिसेल असं बसा, पंखा बंद करा, आणि जायच्या आधी एकदा कान तपासून घ्या असं सगळ्यांनाच सांगा, एकट्या काकूंना नको.

तिसरी शक्यता म्हणजे त्यांना यातलं काही बोलायचंच नाहीये, आपण जे शिकवतोय ते त्यांच्या उपयोगाचं नाही. म्हणून एकदा क्लास संपल्यावर चहा घेताना मराठीत विचारा, काकू, तिकडे गेल्यावर तुम्हाला कोणाशी काय बोलता आलं तर बरं वाटेल? उत्तर काय येईल मला माहीत नाही. नातवाशी असेल, सुनेच्या आईशी असेल, शेजारणीशी असेल, देवळात भेटणाऱ्या गुजराती बाईशी असेल आणि मग हिंदीनेच भागेल. नातू म्हणाल्या तर त्या फोन करणाऱ्या मुलाला कामाला लावा, नातवाचं एक-दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठव म्हणावं, शाळेतून आल्यावर तो काय बोलतो, काय मागतो. तो तुमचा धडा. त्याच वेगात, त्याच उच्चारात. आजीने ‘आर यू हंग्री?’ म्हटल्यावर तो काय म्हणणार हे आजीला कळलं पाहिजे, नाहीतर प्रश्न विचारून ती अडकते. मुलालाही आईसाठी काहीतरी केल्यासारखं वाटेल आणि फोन कमी होतील.

काकांचं थोडक्यात. त्यांना एकटं गाठून, क्लासच्या आधी, स्पष्ट सांगा की मध्येच चूक काढली की बाकीचे गप्प होतात, तुम्ही लिहून ठेवा आणि शेवटची पाच मिनिटं तुमची. चूक बरोबर निघाली तर मान्य करून टाका, त्यात काही जात नाही. आणि एकदा सगळ्यांना अमेरिकन कस्टमर केअरचं रेकॉर्डिंग ऐकवा, ते एक दाबा दोन दाबा वालं. ज्यांनी तीस वर्षं ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ असं फाइलचं इंग्रजी लिहिलं त्यांनाही ते पहिल्या फेरीत कळत नाही. काकांना खिजवायला हे करू नका, पण सगळे एका पातळीवर आले की वातावरण सैल होतं. मग त्यांना डिक्टेशनचं काम द्या, त्यांचा खणखणीत आवाज कामी येईल. तरीही नाहीच ऐकलं तर तीन जणांचा क्लास चालवा, मी तर म्हणेन खुशाल चालवा.

मिस्टरांच्या फीबद्दल माझं मत त्यांच्या उलट आहे, त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल. फुकटची किंमत नसते हे खरं असतं कधीकधी. पण इथे पैसे देणार कोण, तर परदेशातली मुलं. आणि एकदा त्यांनी पैसे दिले की प्रगतीपुस्तक मागणार, आत्ता एक फोन येतो तेव्हा चार येतील, आणि तुम्ही त्यांच्या नोकर व्हाल. शिवाय सोसायटीच्या हॉलमध्ये धंदा चालू आहे म्हणून मीटिंगमध्ये विषय निघेल तो वेगळाच. झेरॉक्सचा खर्च मात्र तुमच्या पेन्शनमधून करू नका, डबा ठेवा, ज्याला जे वाटेल ते टाकेल. आणि मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढा.

हॉलचा कंटाळाच आला असेल, किंवा उन्हाळ्यात कोणी येईना झालं, तर आणखी एक रस्ता आहे, आणि मला तो हॉलपेक्षाही जास्त गरजेचा वाटतो. जे आधीच गेलेत त्यांना विचारा. खरं इंग्रजी अडतं ते तिथे पोचल्यावर, इथे बसून नाही. उन्हाळ्यात नाशिकला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ असतात. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि आजी-आजोबा घरात दोघंच, टीव्ही लावून. त्या वेळेला आठवड्यातून एकदा अर्धा तास व्हिडिओ कॉल करा, काल दुकानात काय झालं, काय बोलता आलं नाही, तेच वाक्य तिथल्या तिथे घोटून घ्यायचं. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं तेव्हा वेळ आठची करा. त्यांना हेही सांगा की अमेरिकेत बऱ्याच गावांत पब्लिक लायब्ररीत इंग्रजी बोलायचे फुकट वर्ग असतात, आणि कॅनडात पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना असेल तर सरकारी फुकट क्लास आहेत, सुपर व्हिसावाल्यांना मात्र ते नाहीत. अडचण असते ती तिथवर पोचायची, कारण गाडी मुलाकडे. तेव्हा जायच्या आधीच मुलाला विचारून ठेवा म्हणावं, लायब्ररीला बस आहे का, चालत जाता येतं का.

तुम्हाला हे करून कंटाळाच येत असेल, मंगळवार-शुक्रवार जवळ आले की पोटात गोळा येत असेल, तर बंद करा ताई, कोणी बोट दाखवणार नाही, रिटायर झाल्यावर नको ते काम ओढत नेण्यात काही अर्थ नाही. पण तुमच्या पत्रात मला कंटाळा कुठे दिसला नाही, वैताग दिसला, आणि तो एका मुलाचा, एका काकांचा आणि मिस्टरांचा आहे, शिकवण्याचा नाही. तेव्हा या आठवड्यात ते सात फोन करा, आणि काकूंना चहाला थांबवा.